मर लागण्याआधी ट्रायकोडर्मा : पहिल्यांदा वापरणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी

दरवर्षी डिसेंबरात कृषी केंद्राच्या काउंटरवर तेच बोलणं ऐकू येतं. "हरभरा सुकून राहिला, काहीतरी द्या." दुकानदार ट्रायकोडर्माचा पुडा देतो, शेतकरी तो पंपात टाकून फवारतो, हरभरा सुकतच राहतो आणि 'जैविकमध्ये काही दम नाही' असं गावभर होतं. पुड्यातला माल चांगला असला तरी तो कामाला यायची वेळ तेव्हा निघून गेलेली असते. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. मर म्हणजे झाड सुकवून मारणारा रोग. त्याची बुरशी मुळांत शिरायच्या आधी ट्रायकोडर्मा मुळाजवळ वसलेला असला पाहिजे. हे पक्कं धरलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या आहेत.

ही बुरशी करते काय? मातीत रोगाच्या बुरशीचा धागा सापडला की ट्रायकोडर्माचे धागे त्याला विळखा घालतात, त्याची भिंत विरघळवणारी विकरं सोडतात आणि त्यालाच खातात. काही जाती रोगट बुरशीला मारक असे रसही सोडतात. मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधी बळकावून ठेवतात, शिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. ती दुसऱ्या बुरशीवर जगते, हे रिचर्ड वाइंडलिंग या संशोधकाने १९३२ साली दाखवून दिलं. म्हणजे ही काल-परवाची टूम नाही.

आधी झाड उपटून पाहा

सुकलेलं प्रत्येक झाड बुरशीने मेलेलं नसतं, म्हणून खर्च करण्याआधी ही पायरी करा. कोमेजत असलेली चार-पाच झाडं मुळासकट उपटा. ओढून तोडू नका, खुरप्याने माती सैल करून काढा. मुळं धुवा आणि चाकूने बुडापासून उभी चिरा.

हरभऱ्याची मर असेल तर मूळ बाहेरून धडधाकट दिसतं, पण चिरल्यावर आत मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसते. झाड बऱ्याचदा हिरवं असतानाच माना टाकतं. ही फ्युजॅरियम बुरशी. तुरीतही फ्युजॅरियमच, पण वेगळ्या जातीची. तिथे फुलोऱ्याच्या आणि शेंगा भरायच्या वेळी खोडावर बुडापासून वर चढत गेलेला जांभळट-तपकिरी पट्टा दिसतो आणि साल सोलली की खाली काळ्या रेषा असतात. कधी झाडाची एकच फांदी वाळते, बाकी झाड हिरवं राहतं.

मूळ ठिसूळ झालंय, उपटताना कडकन तुटतं आणि बारीक तंतुमुळं जवळजवळ गायब आहेत, तर ती कोरडी मूळकुज. पाण्याचा ताण आणि उष्णता एकत्र आली की ती बळावते. जमिनीलगत बुंध्यावर पांढरा कापसासारखा थर आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुंधा कुजवणारी स्क्लेरोशियम बुरशी. सोयाबीन आणि हरभऱ्यात पहिल्या महिनाभरात, ओल जास्त आणि अर्धवट कुजलेला काडीकचरा असेल तिथे ती हमखास सापडते. या सगळ्यांवर ट्रायकोडर्माचा उपयोग होतो.

आता ज्यावर होत नाही ते. मुळं कुरतडलेली आहेत आणि खाली पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी आहे, तर ती हुमणी. बुंध्यावर मातीचं अस्तर, तर वाळवी. आणि पऱ्हाटीत (कपाशीत) पावसाची मोठी उघडीप झाल्यावर एकदम जोराचा पाऊस पडला, वावरात पाणी साचलं आणि बोंडांनी लदलेली झाडं एक-दोन दिवसांत लोळली, तर ती आकस्मिक मर. तिच्यात बुरशीचा काही संबंध नसतो, मुळांना हवा मिळत नाही म्हणून झाड कोलमडतं. तिथे आधी पाणी काढून द्या आणि कृषी विज्ञान केंद्राला फोन करून आळवणीत, म्हणजे झाडाच्या बुडाशी ओतायच्या पाण्यात, काय घालायचं ते विचारा. त्या झाडांच्या बुडाशी ट्रायकोडर्मा ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

पुडा घेताना

दुकानात बिव्हेरिया, मेटारायझियम आणि ट्रायकोडर्मा एकाच फळीवर, सारख्याच पुड्यांत असतात. तिन्ही बुरशाच, पण पहिल्या दोन किडींसाठी आहेत. हुमणीला मेटारायझियम चालतं, मर रोगाला नाही. सुडोमोनास हा जिवाणू आहे. रोगासाठी तोही वापरतात, पण तो वेगळा. तेव्हा नाव वाचूनच घ्या.

पुड्यावर चार गोष्टी पाहा : नोंदणी क्रमांक, बनवल्याची तारीख, वापरायची शेवटची तारीख आणि एका ग्रॅममध्ये जिवंत बीजाणू किती. पावडरीवर हा आकडा साधारण २ × १०⁶, म्हणजे ग्रॅमला वीस लाख, असा छापलेला असतो. यातलं काही नसेल तर घेऊ नका. व्हिरिडी, हर्झियानम, अॅस्पेरेलम अशी नावं दिसतील. नवख्या माणसाने त्यात गुंतू नये, ताजा आणि जिवंत माल जास्त महत्त्वाचा.

जिवंत का म्हणतोय, तर आपला उन्हाळा. अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. या बुरशीला मानवतं २५ ते ३० अंश. टिनाच्या गोदामात अख्खा उन्हाळा काढलेल्या पुड्याची तारीख बाकी असली तरी आतले बीजाणू मेलेले असू शकतात. म्हणून दुकानात समोर उन्हात ठेवलेला पुडा उचलू नका. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात, तसंच अनेक कृषी विज्ञान केंद्रांत ट्रायकोडर्मा तयार होतो. आधी फोनवर विचारून तिथून आणणं मला जास्त भरवशाचं वाटतं. घरी आणल्यावर माठाजवळच्या सावलीत ठेवा. खताच्या, तणनाशकाच्या शेजारी नाही, आणि गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नाही.

शंका असेल तर घरीच तपासा. दोन स्वच्छ डबे घ्या. दोन्हीत मूठ-मूठ शिजवून गार केलेला, मोकळा भात घाला. एकात चिमूटभर पावडर मिसळा, दुसरा तसाच ठेवा. झाकण सैल लावून सावलीत ठेवा. पावडरीच्या डब्यात दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी आणि पाच-सहा दिवसांत तिच्यावर गडद हिरवी झाक आली तर माल जिवंत आहे. काही वाणांना ओल्या नारळासारखा वास येतो. काळी बुरशी आली, नुसती आंबट घाण सुटली किंवा दोन्ही डबे सारखेच दिसले, तर तो पुडा बियाण्याला लावू नका. तपासलेला भात उकिरड्यात टाका, जनावरांपुढे नाही.

शेणखतात वाढवणं

एकरभर वावरात किलोभर पावडर नुसती भुरभुरली तर ती उन्हात मरते, उरलेली उपाशी राहते. विदर्भातल्या काळ्या जमिनीत, त्यातही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, सेंद्रिय अंश आधीच कमी. बुरशीला वाढायला अन्न लागतं, म्हणून तिला आधी शेणखतावर पोसायचं आणि मग वावरात न्यायचं. माझ्या मते या लेखातलं एकच काम नीट करायचं असेल तर हेच करा.

एका एकरासाठी ९० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, १० किलो निंबोळी पेंड आणि १ किलो ट्रायकोडर्मा. शेणखत काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं हवं. हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा डोळ्याला झोंबत असेल तर ते अजून कुजतंय, त्यात बुरशी मरेल. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीची अंडी आणि तणाचं बी वावरात जातं ते वेगळंच.

कडुलिंबाखाली किंवा गोठ्याच्या पडवीत, पावसाचं पाणी साचणार नाही अशी जागा घ्या. पेंड फोडून शेणखतात मिसळा. पावडर थेट ढिगावर न टाकता आधी दोन घमेली खतात नीट कालवा, मग ते सगळ्या ढिगात फिरवा, म्हणजे ती सारखी पसरते. पाणी झारीने, थोडं थोडं. मूठ आवळल्यावर लाडू झाला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये. लाडू फुटला तर पाणी कमी, पाणी टपकलं तर जास्त. अर्धा किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडला तर वाढ लवकर धरते, पण नसला तरी अडत नाही.

ढीग फूटभरापेक्षा उंच करू नका, उंच ढीग आतून तापतो. वर ओलं पोतं झाका आणि पोतं वाळू देऊ नका. प्लॅस्टिक टाकू नका, बुरशीला हवा लागते. दर तीन-चार दिवसांनी फावड्याने खालवर करा. त्या वेळी हात आत घालून पाहा. कोमट चालेल, चटका बसेल इतकं गरम असेल तर ढीग लगेच पसरून घ्या. आठवडाभरात ढेकळांवर पांढरे धागे दिसू लागतात आणि १० ते १५ दिवसांत हिरवी भुकटी धरते. तयार झालेलं खत चार-पाच दिवसांच्या आत वावरात गेलं पाहिजे.

वेळेचा हिशोब असा : सोयाबीन, तूर, कपाशीसाठी ढीग जूनच्या पहिल्या आठवड्यात लावा. मे महिन्यात लावू नका, सावलीतही तापमान आवाक्याबाहेर असतं. हरभऱ्यासाठी सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे सोयाबीन निघेपर्यंत खत तयार.

वावरात पसरायचं ते ओलीवर आणि दुपार टळल्यावर. शेवटच्या वखराच्या पाळीआधी पसरा आणि त्याच दिवशी वखर फिरवून मातीआड करा. उघड्यावर रात्रभर ठेवून 'सकाळी पाहू' म्हणू नका. कोरडवाहू हरभऱ्यात ओल निघून जायची घाई असते, म्हणून मजूर आणि वखर आधी ठरवून मगच खत वावरात न्या. तिफणीने खत पेरत असाल तर ट्रायकोडर्मा डीएपी या रासायनिक खताच्या चाड्यात मिसळू नका.

बीजप्रक्रिया

हे सगळ्यात कमी खर्चाचं काम, आणि तरीही पेरणीच्या घाईत हेच सुटतं. प्रमाण किलोला ४ ते ५ ग्रॅम. एकरी ३० किलो हरभरा धरला तर फार तर १५० ग्रॅम पावडर लागते.

सावलीत ताडपत्री पसरा. १० किलो बियाण्याला ५० ग्रॅम पावडर आणि १०० मिलीच्या आसपास गुळाचं पातळ पाणी घ्या. उकळून गार केलेलं पाणी उत्तम. पाणी बियाण्यावर शिंपडा, पावडर भुरभुरा आणि दोघांनी ताडपत्रीची टोकं धरून बियाणं इकडून तिकडे लोळवा. दाण्यावर सारखा हलका थर बसला की झालं. अर्धा तास सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. तोंडाला दुपट्टा बांधा, कारण पावडरीची धूळ नाकात जाते. दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

सोयाबीनला मात्र जपून. त्याची साल पातळ असते. पाणी जरा जास्त झालं की फुगून सुटते, हाताने चोळलं की सोलते आणि उगवण घटते. तिथे पाणी अगदी नावापुरतं घ्या, हाताने चोळू नका, नुसतं लोळवा. द्रवरूप ट्रायकोडर्मा मिळाला तर सोयाबीनला तोच बरा.

रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू ट्रायकोडर्मासोबत चालतात. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावा, पूर्ण सुकू द्या आणि जैविक सगळ्यात शेवटी. कार्बेन्डाझिम मात्र ट्रायकोडर्मासोबत नकोच, ते या बुरशीलाही मारतं. हरभऱ्यात कार्बोक्सिन आणि थायरम असलेलं औषध आधी लावून वरून ट्रायकोडर्मा देता येतो. बीटी कपाशीचं बियाणं कंपनीकडूनच प्रक्रिया होऊन येतं, त्याला पुन्हा काही लावत बसू नका. तिथे शेणखताचा मार्ग घ्या.

पीक उभं असताना

मर दिसायला लागल्यावर मेलेलं झाड परत येत नाही, ते विसरा. पण शेजारची वाचवता येतात. सुकलेली झाडं मुळासकट काढून जाळा. धुऱ्यावर फेकू नका आणि खताच्या खड्ड्यात तर नाहीच, नाहीतर पुढच्या वर्षी तोच रोग आपल्या हाताने साऱ्या वावरात पसरवाल. मग त्या खाचेच्या आसपास दोन-तीन फुटांतल्या हिरव्या झाडांच्या बुडाशी आळवणी करा : लिटरला ५ ते १० ग्रॅम पावडर, फडक्यातून गाळून, पंपाचं नोझल काढून. पंप आधी दोनदा धुवा. तणनाशक किंवा बुरशीनाशक मारलेला पंप तसाच वापरला तर जे ओतताय तेच मरतं. जमीन वाफशावर असावी. भेगाळलेल्या कोरड्या जमिनीत आळवणी वाया जाते. रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी झाली असेल तर ट्रायकोडर्मासाठी १५ ते २० दिवस थांबा.

पानांवर फवारून मर थांबत नाही. रोग मुळात आहे, औषधही तिथेच गेलं पाहिजे.

संत्र्याच्या बागेत

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागांत मूळकुज आणि डिंक्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे येतात. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, बुंध्यातून डिंक ओघळतो. झाडाखालची माती हलकेच उकरून बारीक मुळी चिमटीत ओढली तर वरची साल सरकून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

इथे पावसाळ्याच्या तोंडाशी दर झाडाला १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा किलोभर शेणखतात मिसळून द्या. बुंध्याला टेकवून नको, झाडाच्या घेराखाली, जिथे पांढरी मुळं असतात तिथे, आणि वरून हलकी माती ओढा. पावसाळा सरता सरता पुन्हा एकदा. बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावायची ती लावाच : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तिचे ओघळ ट्रायकोडर्मा टाकलेल्या जागी जाऊ देऊ नका, आणि दोन्ही कामं एकाच दिवशी काढू नका.

पण खरी मेख पाण्यात आहे. फायटोफ्थोराचे बीजाणू पाण्यात पोहतात. एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी सोडलं तर रोग झाडागणिक पुढे सरकतो. म्हणून दुहेरी आळं करा (आतलं बुंध्याभोवती कोरडं, पाणी बाहेरच्यात), बुंध्याला पाणी लागू देऊ नका, आणि पावसाळ्यात दोन ओळींमध्ये चर काढून पाणी बाहेर घाला. बागेत पाणी तुंबलेलं असताना ट्रायकोडर्मा टाकून फारसं काही हाती लागत नाही. नवी बाग लावत असाल तर कलम रंगपूर लाइमच्या खुंटावरचं मागा. जंबेरी खुंट या रोगाला लवकर बळी पडतो.

सोबत काय करायचं

ट्रायकोडर्मा एकटा किती भार घेणार? हरभऱ्याच्या मरीची बुरशी यजमान पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते, तुरीची तिच्याच धसकटांवर तीनेक वर्षं. त्यामुळे ज्या वावरात दरवर्षी सोयाबीनवर हरभरा, सोयाबीनवर हरभरा असं चाललंय, तिथे नुसत्या पुड्याने भागणार नाही. मधे एखादं वर्ष ज्वारी किंवा गहू येऊ द्या. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी राहते. आपल्याकडे पूर्वी हे सर्रास होतं आणि पुन्हा व्हावं असं मनापासून वाटतं, कडब्याचीही सोय होते. वाण निवडताना हरभऱ्यात जाकी ९२१८, तुरीत बीएसएमआर ७३६ किंवा आशा असे मर सोसणारे घ्या. रोगट तुरीची धसकटं वेचून चुलीत घाला. हरभरा पेरायची फार घाई करू नका, जमिनीत गरमी असताना पेरलेल्यात मर जास्त लागते.

एक सूचना ढिंगरी अळिंबी (मशरूम) करणाऱ्या बचत गटांसाठी. ट्रायकोडर्माचा ढीग, पुडा, त्यात माखलेले कपडे अळिंबीच्या खोलीजवळ नेऊ नका. अळिंबीही बुरशीच, आणि ट्रायकोडर्मा तिच्या बेडवर हिरवी बुरशी होऊन बसतो. ज्या घरात दोन्ही कामं चालतात तिथे माणसं वेगळी ठेवा, नाहीतर अळिंबीचं काम आधी करा.

पहिल्या वर्षी सगळ्या वावराला एकसारखं करू नका. मधल्या चार ओळी बिनप्रक्रियेच्या पेरा, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि पोरांना सांगून ठेवा. फुलोऱ्यात आणि घाटे भरताना दोन्हीकडच्या तेवढ्याच लांबीत किती झाडं सुकली ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. फरक दिसला तर पुढच्या वर्षी शेणखताचा ढीग थोडा वाढवा. फरक दिसला नाही तर आधी पुडा ताजा होता का, खत त्याच दिवशी मातीआड झालं होतं का हे तपासा. ते सगळं बरोबर असेल तर सुकलेल्या झाडांची मुळं आणि वावरातली माती घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, आणि ती वहीही सोबत न्या.